व्हॉटमन ४२ फिल्टर पेपर: काळ्या मातीचे सक्शन मोजण्याचे साधन म्हणून

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गाळणीसाठी वापरला जाणारा व्हॉटमन क्रमांक ४२ हा कागद भू-तांत्रिक प्रयोगशाळेने विकत घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. महाराष्ट्रातील ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि खाजगी माती-परीक्षण केंद्रांत काळ्या मातीचे नमुने वर्षभर येत असतात, तिथे तर हा डबा कपाटात असायलाच हवा असे मी म्हणेन. मात्र या कागदासोबत ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू, स्थिर तापमानाची जागा आणि किमान आठवडाभर थांबण्याची तयारी लागते. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडले तर कागद कितीही उत्तम असला तरी त्यातून निघणारा सक्शनचा, म्हणजे मातीतील पाण्यावरील ताणाचा, आकडा विश्वासार्ह राहत नाही. हे परीक्षण त्या अर्थाने कागदाचे आहे, तसेच त्याच्याभोवती उभ्या कराव्या लागणाऱ्या शिस्तीचेही आहे.

पूर्ण भिजलेल्या मातीत पाण्याचा दाब धन असतो आणि आपल्या अभ्यासक्रमातील बहुतेक सगळी मृदयांत्रिकी त्याच गृहीतकावर उभी आहे. प्रत्यक्षात दख्खनच्या पठारावर पाया खणताना आपल्या हाती येणारी माती वर्षातील बराच काळ असंपृक्त असते, म्हणजे तिच्या छिद्रांत पाण्यासोबत हवाही असते. अशा मातीतील पाणी कणांना धरून ताणाखाली असते. तो ताण, म्हणजेच मॅट्रिक सक्शन, मातीचे कण एकमेकांकडे ओढून ठेवतो. त्यात पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे येणारे ऑस्मॉटिक सक्शन मिळवले की एकूण सक्शन होते. मातीची ताकद, तिचे फुगणे, आकसणे आणि तिच्यातून पाणी वाहण्याचा वेग या चारही गोष्टी या ताणाबरोबर बदलतात. म्हणून फक्त जलांश, म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत पाणी किती टक्के, एवढेच सांगून थांबणारा अहवाल मला अपुरा वाटतो. २५ टक्के जलांश असलेली वाळूमिश्रित माती जवळजवळ थबथबलेली असू शकते आणि तेवढाच जलांश असलेली मॉन्टमोरिलोनाइट हे पाण्याने फुगणारे खनिज असलेली काळी माती पाण्यासाठी आसुसलेली असू शकते. या दोघींतला फरक सक्शनच्या आकड्यात दिसतो.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. व्हॉटमन ४२ हा राखविरहित प्रतीचा, म्हणजे जाळल्यावर जवळजवळ राख न उरणारा, बारीक छिद्रांचा कागद आहे. त्याची कणधारणक्षमता सुमारे २.५ मायक्रॉन आणि जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर असते, आणि दर चौरस मीटरला त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम भरते. सक्शनसाठी ५५ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या सोयीच्या पडतात. अशा १०० चकत्यांचा डबा मिळतो आणि एका चकतीचे कोरडे वजन साधारण ०.२४ ग्रॅम असते. हे वजन वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. राखविरहित असल्यामुळे कागदात स्वतःचे क्षार जवळजवळ नसतात, आणि क्षारांमुळे पडणारा फरकच जिथे मोजायचा असतो तिथे हा गुण फार मोलाचा ठरतो.

खरेदी करताना डब्यावरील क्रमांक स्वतः वाचून घ्यावा. एका पुरवठादाराने आम्हाला ४२ ऐवजी क्रमांक १ चा डबा पाठवला होता आणि दोन्ही कागद एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे असल्याने काही फरक पडत नाही असा त्याचा आग्रह होता. फरक पडतो. क्रमांक १ हा गुणात्मक विश्लेषणासाठीचा कागद आहे, त्याची कणधारणक्षमता ११ मायक्रॉनच्या आसपास आहे आणि तो हलकाही आहे, त्यामुळे कागदाच्या जलांशावरून सक्शन काढण्याचे क्रमांक ४२ साठी ठरवलेले समीकरण, म्हणजेच त्याचे अंशांकन, त्याला लावता येत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम डी ५२९८ या मानकात ज्या दोन कागदांचे अंशांकन दिले आहे, त्यांतील एक व्हॉटमन ४२ आणि दुसरा श्लायशर अँड शुएल ५८९ आहे. आपल्याकडे पहिला सहज मिळतो, म्हणून निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही.

पद्धतीमागचा विचार १९३७ साली गार्डनर यांनी मांडला आणि तो अतिशय सरळ आहे. कोरडा कागद आणि ओली माती एका हवाबंद डब्यात ठेवली की कागद मातीकडून पाणी घेतो, आणि दोघांतील ताण सारखा झाला की थांबतो. मग कागदाचा जलांश मोजायचा आणि अंशांकन वक्रावरून सक्शन वाचायचे. मातीला टेकलेला कागद द्रवरूपात पाणी घेतो, म्हणून तो मॅट्रिक सक्शन सांगतो. मातीपासून अंतरावर, जाळीवर किंवा कड्यावर ठेवलेल्या कागदापर्यंत फक्त वाफ पोहोचते आणि क्षार मागेच राहतात, म्हणून तो एकूण सक्शन सांगतो. एकाच डब्यातून, एकाच नमुन्यावर, दोन वेगवेगळ्या राशी मिळण्याची ही सोय इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कोणत्याही साधनात मला दिसलेली नाही.

मॅट्रिक सक्शनसाठी तीन कागद एकमेकांवर ठेवतात. मधला मोजायचा आणि वरचे-खालचे दोन त्याला माती लागू नये म्हणून. मधला कागद बाकीच्या दोहोंपेक्षा किंचित लहान कापून घ्यावा. नमुन्याचे दोन तुकडे तारेच्या करवतीने सपाट कापून त्यांच्यामध्ये ही थप्पी दाबून बसवायची आणि सांध्याभोवती इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळायची. त्याच नमुन्यावर प्लास्टिकचे कडे ठेवून त्यावर एकूण सक्शनसाठीचे दोन कागद ठेवले की बरणीचे झाकण लावता येते. मानक किमान सात दिवस थांबायला सांगते. काळ्या मातीच्या बाबतीत याहून जास्त दिवस दिले तर बरे, असा माझा अनुभव आहे, कारण तिची पारगम्यता कमी असते आणि कोरड्या ढेकळातून पाणी फार सावकाश हलते.

खरी परीक्षा बरणी उघडल्यावर होते. कागद चिमट्याने उचलून आधीच वजन केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत टाकून झाकण लावायला मानक ३ ते ५ सेकंद देते. ही मुदत उगाच दिलेली नाही. एप्रिलमध्ये, खोलीतील हवा कोरडी असताना, ओला कागद उघडा तराजूवर ठेवून पाहिला तर शेवटचे दोन अंक डोळ्यांदेखत खाली सरकत जातात आणि थांबत नाहीत. त्यानंतर डबी ११० अंशांच्या ओव्हनमध्ये जाते. बाहेर काढल्यावर ती धातूच्या ठोकळ्यावर अर्धा मिनिट टेकवून लगेच वजन करायचे, कागद काढून टाकायचा आणि त्याच गरम डबीचे पुन्हा वजन करायचे. थंड डबी आणि गरम डबी यांच्या वजनांत थोडासा फरक असतो. तो धरला नाही तर कागदाच्या पाण्याचा हिशेब चुकतो, आणि एवढ्या लहान वजनात ती चूक मोठी ठरते.

किती मोठी, ते पाहू. एएसटीएमच्या वक्रानुसार, कागदाचा जलांश ४५.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ५.३२७ मधून जलांशाची ०.०७७९ पट वजा करायची, म्हणजे किलोपास्कलमधील सक्शनचा दशमान लॉगॅरिदम मिळतो. त्याहून ओल्या कागदासाठी २.४१२ मधून जलांशाची ०.०१३५ पट वजा करायची. कागदाचा जलांश ३० टक्के आला तर सक्शन सुमारे ९८० किलोपास्कल निघते, ३१ टक्के आला तर सुमारे ८२०. म्हणजे जलांशातील एका टक्क्याच्या फरकाने सक्शन जवळजवळ सहाव्या हिश्शाने बदलले. ०.२४ ग्रॅमच्या कागदावर एक टक्का म्हणजे २.४ मिलिग्रॅम पाणी. यावरून वजनात एका मिलिग्रॅमची गफलत झाली तर सक्शनमध्ये सुमारे ८ टक्क्यांची गफलत होते. दोन दशांश स्थळांचा तराजू वापरून हा प्रयोग केल्याचे दाखवणारे अहवाल माझ्या पाहण्यात आले आहेत. अशा तराजूवर १० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे कागदाच्या जलांशातील सुमारे ४ टक्क्यांपेक्षा, लहान बदल दिसतच नाही, त्यामुळे त्या आकड्यांवर पायाची रचना ठरवणे धोक्याचे आहे.

वक्राचा ४५.३ टक्के जलांशावरचा तो मोड साधारण ६३ किलोपास्कलवर येतो. त्याच्या ओल्या बाजूला रेषा पसरट आहे, म्हणजे जलांश बराच बदलला तरी सक्शन थोडेच हलते. त्यामुळे वजनातील चूक तिथे फारशी छळत नाही, मात्र माती आणि कागद यांचा स्पर्श नीट नसेल तर सगळेच बिघडते. कोरड्या बाजूला २० टक्के जलांशाचा कागद सुमारे ५,९०० किलोपास्कल आणि १० टक्क्यांचा सुमारे ३५,००० किलोपास्कल दाखवतो. मानकाने या पद्धतीला दिलेली मर्यादा १० ते १,००,००० किलोपास्कल अशी आहे. हा आवाका ऐकून नवखा वाचक भारावून जाईल, पण दोन्ही टोके सारख्याच भरवशाची नाहीत हे त्याने जाणून असावे.

एकूण सक्शनच्या कागदाबाबत माझा आक्षेप नेमका इथे आहे. माती आणि कागद यांच्यामध्ये वाफ असते आणि त्या वाफेची सापेक्ष आर्द्रता केल्व्हिनच्या समीकरणाने सक्शनशी जोडलेली असते. २० अंश तापमानाला ९९ टक्के आर्द्रता म्हणजे सुमारे १,३५० किलोपास्कल. याचा अर्थ असा की शेतीच्या आणि बांधकामाच्या दृष्टीने महत्त्वाचा बहुतेक सगळा ओला टप्पा आर्द्रतेच्या शेवटच्या एका टक्क्यात कोंबलेला आहे. त्यातच बरणीतील माती आणि कागद यांच्या तापमानात एक दशांश अंशाचा फरक पडला तरी सक्शनमध्ये ८०० किलोपास्कलच्या आसपास चूक येते, कारण संपृक्त बाष्पदाब दर अंशाला सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो. एसी दर काही मिनिटांनी चालू-बंद होणाऱ्या खोलीत, उघड्या टेबलावर बरण्या ठेवल्या तर एवढा फरक सहज पडतो. म्हणून १,००० किलोपास्कलच्या खालचे एकूण सक्शन या कागदाने मोजून अहवालात लिहिले असेल, तर मी ते बाजूला ठेवतो. बरण्या जाड थर्मोकोलच्या पेटीत, त्या पेटीभोवती आणखी एक पेटी, आणि ती खिडकीपासून लांबच्या, भिंतीत बांधलेल्या कपाटात, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. वीज गेली तरी पेटीतील तापमान हळूहळू बदलते, आणि बदल हळू असणे हेच इथे महत्त्वाचे. यंत्राने नियंत्रित तापमानाचे कपाट असेल तर प्रश्नच नाही, पण त्याची किंमत कागदाच्या कितीतरी पट असते.

सिंगापूरच्या नान्यांग तंत्रशास्त्र विद्यापीठातील लिओंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मॅट्रिक आणि एकूण सक्शनसाठी स्वतंत्र वक्र वापरावेत असे दाखवले. मला त्यांचे म्हणणे पटते. एकच वक्र दोन्हीकडे लावण्याची पद्धत सोयीची असली तरी ओल्या बाजूला ती मोठी दिशाभूल करते.

एवढे दोष सांगूनही मी या कागदाच्या बाजूने का, ते काळ्या मातीच्या वर्षाकडे पाहिले की उमगते. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानाला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात आणि वरचे ढेकूळ खोलीतल्या हवेइतकेच कोरडे होते. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल साधलेल्या मातीचे सक्शन ९३,००० किलोपास्कलच्या आसपास असते, म्हणजे कागदाच्या वरच्या मर्यादेला ते भिडते. श्रावणात तीच माती शंभर किलोपास्कलच्याही खाली येते. हा सगळा प्रवास पकडणारे एकच साधन हवे असेल तर बाजारातील नामांकित यंत्रेही अपुरी पडतात. या कागदाची एक सुदैवी बाजू अशी की त्याच्या दोन पद्धती एकमेकींच्या उणिवा झाकतात. कोरड्या ढेकळाला कागद नीट टेकवताच येत नाही, पण तिथे अंतरावरचा कागद उत्तम काम करतो. त्या टप्प्यावर टेकलेल्या कागदातही पाणी मुख्यतः वाफेनेच पोहोचते, त्यामुळे दोन्ही आकडे जवळ येतात. ओल्या मातीत अंतरावरचा कागद कुचकामी, पण टेकलेला कागद तिथेच भरवशाचा. ही विभागणी लक्षात घेऊन वाचन केले तर मे ते ऑक्टोबरपर्यंतची माती एका डब्यात मावते.

आणि ही माती अशी मोजणे का गरजेचे आहे, यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. आपल्याकडील बहुतेक अहवालांत काळ्या मातीचा निवाडा मुक्त फुगवटा निर्देशांकावर होतो. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागानुसार ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकतात आणि दोन्ही नळ्यांतील घनफळांची तुलना करतात. ही चाचणी मातीतील खनिजाचा स्वभाव उत्तम सांगते. पण ती माती या क्षणी जमिनीत कोणत्या अवस्थेत आहे, हे तिला सांगता येत नाही, कारण चाचणीपूर्वीच आपण माती दळून वाळवून तिची अवस्था पुसून टाकलेली असते. एकाच प्लॉटवरून जानेवारीत आणि मेमध्ये काढलेल्या नमुन्यांचा निर्देशांक सारखाच येईल. प्रत्यक्षात मेमध्ये, सक्शन हजारो किलोपास्कल असताना, त्या मातीवर हलके एकमजली घर बांधले तर पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगेल आणि जोते उचलेल. सप्टेंबरअखेर, सक्शन आधीच उतरलेले असताना बांधले तर फुगण्याची बरीचशी क्षमता संपलेली असेल आणि पुढच्या उन्हाळ्यात कडेची माती आकसून भिंतीचे कोपरे खचण्याची शक्यता वाढेल. दोन्ही ठिकाणी तडे येतात, पण त्यांची दिशा आणि उपाय वेगळे असतात. निर्देशांक एक, वर्तन दोन. तो फरक सक्शनचा आहे.

घर उभे राहिल्यावरही हे थांबत नाही. लादीखालच्या मातीचे बाष्पीभवन बंद होते आणि घराच्या मध्यभागी ओलावा हळूहळू साचून सक्शन उतरते, तर कडेची माती दर वर्षी भिजते आणि वाळते. म्हणून मधली फरशी वर येणे आणि आतल्या भिंतीत तिरके तडे जाणे हे प्रकार दिसतात. भिंतीलगत मोठे झाड असेल तर त्याची मुळे दीड हजार किलोपास्कलपर्यंतच्या ताणाने माती कोरडी करू शकतात, आणि गळका नळ असेल तर नेमके उलटे घडते. तडे गेलेल्या घराच्या पायाशी वेगवेगळ्या खोलीवरून आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांतून नमुने घेऊन या कागदाने सक्शनचा आलेख काढला की दोष कुठे आहे ते बरेचदा समोर येते. या कामासाठी मी हा कागद सर्वाधिक वापरतो. आयआयटी मुंबईत डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा जो उपाय विकसित केला, त्याची जाडी आणि जागा ठरवतानाही खालच्या काळ्या मातीचे सक्शन ठाऊक असणे उपयोगी पडते.

ताकदीचा मुद्दा उतारांवर येतो. १९७८ साली फ्रेडलंड, मॉर्गेनस्टर्न आणि विजर यांनी असंपृक्त मातीच्या कातरबलाचे, म्हणजे घसरण्याला विरोध करणाऱ्या ताकदीचे, जे समीकरण मांडले, त्यात सक्शनमुळे मिळणारी ताकद स्वतंत्र पदाने येते. सक्शन १०० किलोपास्कल आणि सक्शनबरोबर ताकद किती वेगाने वाढते हे सांगणारा कोन १५ अंश धरला तर मातीला सुमारे २७ किलोपास्कल जादा संसंजन, म्हणजे कण एकत्र धरून ठेवणारी ताकद, मिळते. मुरुमात किंवा जांभ्याच्या मातीत उभे कापलेले रस्त्याकडेचे कड मार्च-एप्रिलमध्ये बिनधास्त उभे राहतात ते बऱ्याच अंशी याच उसन्या ताकदीवर. पहिल्या जोरदार पावसात पाणी मुरते, सक्शन संपते आणि कड ढासळते. सह्याद्रीच्या उतारांवर काम करणाऱ्यांनी ही ताकद कायमची धरून हिशेब करू नये, पण ती किती आहे आणि किती पाऊस मुरल्यावर जाते, हे मात्र मोजावे. मात्र पाऊस पडत असताना उतारावर काय चालले आहे हे सांगणे या कागदाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याचे उत्तर आठवड्याने येते.

तिथे टेन्सिओमीटर लागतो. सच्छिद्र सिरॅमिक टोकाची, पाण्याने भरलेली ही नळी जमिनीत बसवली की मॅट्रिक सक्शन थेट दाखवते. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना ती ठिबकच्या नियोजनामुळे परिचित आहे. तिची मर्यादा ८० ते ९० किलोपास्कल, कारण त्यापुढे नळीतील पाण्यात बुडबुडे होऊन ते तुटते, आणि समुद्रसपाटीपासून जितके वर जावे तितकी ही मर्यादा आणखी खाली येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये रिडली आणि बरलँड यांनी १९९३ मध्ये दाखवलेला उच्च क्षमतेचा टेन्सिओमीटर १,५०० किलोपास्कलपर्यंत जातो, पण त्याची देखभाल संशोधकांनाच झेपते. दाबपट्टीच्या उपकरणात हवेचा दाब वाढवून तेवढाच पल्ला गाठता येतो, फक्त मातीचा जलांश आणि सक्शन यांचा एक वक्र पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जातात. दवबिंदू मापणारे डब्ल्यूपी४सी हे यंत्र काही मिनिटांत एकूण सक्शन देते आणि ३०० मेगापास्कलपर्यंत (एक मेगापास्कल म्हणजे १,००० किलोपास्कल) पोहोचते. कोरड्या काळ्या मातीसाठी ते मला मनापासून आवडते. मात्र ५ मेगापास्कलपर्यंत त्याची अचूकता अधिक-उणे ०.०५ मेगापास्कल आहे, म्हणजे १०० किलोपास्कलच्या ओल्या मातीवर निम्मी चूक, आणि किंमत लाखांच्या घरात. ज्या प्रयोगशाळेकडे हे यंत्र आहे तिनेही ओल्या टप्प्यासाठी टेकलेला कागद सोडू नये असे माझे मत आहे.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातील पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे नमुने ज्यांच्याकडे येतात त्यांच्यासाठी एक सूचना. दोन कागदांच्या आकड्यांतील वजाबाकी म्हणजे ऑस्मॉटिक सक्शन, हे तत्त्वतः बरोबर आहे, पण संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्स असेल तर क्षारांचे सक्शन जेमतेम १४५ किलोपास्कल भरते. एकूण सक्शनच्या कागदाची स्वतःची चूक त्याहून मोठी असते, म्हणून ओल्या नमुन्यात ही वजाबाकी करू नये. तिथे अर्क काढून वाहकता मोजणे हाच खात्रीचा मार्ग. माती वाळत जाईल तसतसे क्षार दाट होतात आणि मग कागदांतील फरक खरोखरच दिसू लागतो.

बाकीच्या उणिवा थोडक्यात. जास्त दिवस ठेवलेल्या ओल्या नमुन्यावर, विशेषतः सेंद्रिय अंश जास्त असेल तर, कागदाला बुरशी येते, आणि असा कागद टाकून द्यावा लागतो. कागद एकदाच वापरायचा असतो. वक्र कोरड्या कागदापासून सुरुवात करून ठरवलेला असल्याने दमट हवेत उघडा राहिलेला डबा कामाचा नाही. चकत्या ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवाव्यात आणि हाताचा घाम लागू नये म्हणून नेहमी चिमट्यानेच उचलाव्यात. कोकणातील पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी.

खर्चाचे गणित असे की कागदाचा डबा काही हजार रुपयांत येतो, बरण्या, कडी, टेप आणि थर्मोकोलची पेटी स्थानिक बाजारात मिळतात, आणि मोठा खर्च तराजूचाच असतो. रसायनशास्त्र विभागात चार दशांश स्थळांचा तराजू आधीच असतो. तो वापरू देण्याची व्यवस्था झाली की बहुतेक महाविद्यालयांना वेगळी तरतूद करावी लागत नाही.

नवा डबा आला की मी त्याची तपासणी मिठाच्या पाण्यावर करतो आणि इतरांनीही ती करावी. एक किलो ऊर्ध्वपातित पाण्यात ५८.४ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवले की २५ अंशांना त्याचे सक्शन सुमारे ४,६०० किलोपास्कल असते. त्या द्रावणावर, त्याला न टेकता, चकत्या ठेवून बरणी पेटीत बंद करावी. मुदतीनंतर एएसटीएमच्या वक्रानुसार कागदाचा जलांश २१ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. एकाच बरणीतील दोन चकत्यांमध्ये मोठी तफावत आली तर दोष बहुधा झाकणात, तापमानात किंवा वजन करण्याच्या वेगात असतो. सगळ्या चकत्या एकाच दिशेने सारख्या सरकल्या तर वेगवेगळ्या सांद्रतेची आणखी काही द्रावणे करून त्या डब्यापुरता स्वतःचा वक्र आखावा, तो डब्याच्या झाकणावर तारखेसह चिकटवावा आणि त्या डब्यातील शेवटच्या चकतीपर्यंत तोच वापरावा.